माहेरच्या बाळंतपणातील पोषण आहार : जोयडा तालुक्यात नोंद कशी करावी

अनमोड घाटाच्या माथ्यावर गोव्याची हद्द संपते आणि कर्नाटकातील जोयडा तालुका सुरू होतो. दोन्ही बाजूंचे नातेसंबंध जुने आहेत. जोयड्याची लेक लग्न होऊन धारबांदोडा वा सांगे तालुक्यात येते आणि पहिल्या बाळंतपणासाठी रीतीप्रमाणे माहेरी जाते. गरोदरपणाची नोंद मात्र गोव्यातील अंगणवाडीतच राहते. परिणामी सातव्या महिन्यापासून बाळ तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत, म्हणजे आहाराची सर्वाधिक गरज असलेल्या काळात, ती दोन्ही राज्यांच्या यादीतून निसटण्याचा संभव असतो.

हा आहार म्हणजे कोणाची कृपा नव्हे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार गरोदरपणात आणि प्रसूतीनंतर सहा महिने प्रत्येक मातेला, तसेच सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला, अंगणवाडीतून मोफत आहार मिळावयास हवा. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही आणि शिधापत्रिकेचा रंगही पाहिला जात नाही. कायद्याच्या मूळ परिशिष्टात मातेसाठी दररोज ६०० उष्मांक व १८ ते २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण दिले होते. आहारासाठी लांबलचक अर्जही भरावा लागत नाही. अंगणवाडीत नाव नोंदवले की पुरे. अर्ज लागतो तो रोख मदतीसाठी. या दोहोंची गल्लत झाल्याने ‘कागद अपुरे आहेत’ एवढे ऐकून अनेक जणी आहाराविनाच परततात.

कर्नाटकात गरोदर व स्तनदा मातांसाठी २ ऑक्टोबर २०१७ पासून ‘मातृपूर्ण’ योजना लागू झाली. महिन्यातील २५ दिवस दुपारचे गरम जेवण, त्यासोबत दूध, अंडे आणि शेंगदाण्याची चिक्की असे तिचे स्वरूप ठरले. अंडे न खाणाऱ्यांना मोड आलेली कडधान्ये द्यावयाची होती. जेवण केंद्रात बसूनच घ्यावे, हा योजनेचा मूळ आग्रह. घरी नेलेले अन्न साऱ्या कुटुंबात वाटले जाते, हा त्यामागील विचार चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु काळी नदीच्या खोऱ्यात, व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात विखुरलेल्या वाड्यांवरून आठव्या महिन्यातील बाईने जेवणासाठी रोज रानवाट तुडवावी, ही अपेक्षा सपाट मुलखात बसून केलेली दिसते. डोंगराळ तालुक्यांतून ही तक्रार योजनेच्या आरंभापासूनच होत आली आहे.

केंद्र किती लोकवस्तीमागे असावे याचेही निकष आहेत. डोंगराळ व आदिवासी भागात ३०० ते ८०० लोकवस्तीला एक अंगणवाडी आणि १५० ते ३०० लोकवस्तीला मिनी अंगणवाडी. सहा वर्षांखालील किमान ४० बालके असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत केंद्र द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिला. पण दहा-पंधरा घरांच्या कुणबी वाड्यावर ४० बालके कोठून असणार? अशा वाड्यांना केंद्राची मागणी करताना लोकसंख्येबरोबर अंतर आणि पावसाळ्यात बंद पडणारी वाटही लेखी नमूद करावी लागेल. अर्ज जोयडा येथील बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्यावा आणि पोच घ्यावी.

माहेरी जाण्यापूर्वी गोव्यातील अंगणवाडी सेविकेला तसे सांगावे. देशभरातील अंगणवाड्यांच्या नोंदी ‘पोषण ट्रॅकर’ या एकाच प्रणालीत असतात आणि तीत लाभार्थ्याचे नाव दुसऱ्या केंद्राकडे, परराज्यातही, वर्ग करण्याची सोय आहे. आईचे आधार कार्ड, तिचा चालू मोबाईल क्रमांक आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवावे. या कार्डाला कर्नाटकात ‘तायी कार्ड’ म्हणतात. तेथील आरोग्य केंद्रात हाच शब्द वापरावा, काम लवकर होते. तान्ह्या मुलाचे आधार नसले तरी आईच्या आधारावर नोंद होते. घरी न्यावयाच्या आहारासाठी १ जुलै २०२५ पासून चेहऱ्याची ओळख पटवणे सक्तीचे झाले आहे. मोबाईलला रेंज नसलेल्या गावांत ही सक्ती कितपत पेलेल, हे वेगळे सांगावयास नको.

रोख मदत प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून मिळते. पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत : गरोदरपणाची नोंद व एक तपासणी झाल्यावर ३,००० आणि जन्मनोंद व लसीकरणाची पहिली फेरी पूर्ण झाल्यावर २,०००. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एकरकमी. कायद्याने मात्र प्रत्येक मातेला किमान ६,००० रुपयांचे आश्वासन दिले होते. योजनेने ते अपत्यांच्या संख्येत कोंडले. येथे पात्रतेचा पुरावा लागतो : दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका, मनरेगा किंवा ई-श्रम कार्ड, अथवा आठ लाखांहून कमी वार्षिक उत्पन्नाचा दाखला, यांपैकी एक. पतीचे आधार आता अनिवार्य नाही. नियमित सरकारी नोकरीतील महिलांना हा लाभ नाही.

अर्ज अडतो तो बहुधा नावापाशी. आधारवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे आणि तायी कार्डावर कन्नड उच्चाराप्रमाणे तिसरेच. लग्नानंतर आधार व बँक खाते एकाच नावावर आणून दोन्ही जोडून घेतले, तर पुढचे बरेचसे हेलपाटे टळतात. बाळाचा जन्म २१ दिवसांच्या आत, ज्या गावी झाला तेथेच नोंदवावा. गोव्यात परतल्यावर ती नोंद येथे होत नाही.

आहार नाकारला गेल्यास कायद्यानुसार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यापुढे राज्य अन्न आयोगाकडे दाद मागता येते. हक्काचा आहार न पुरवल्यास अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. जोयड्यासाठी जिल्ह्याचे ठिकाण कारवार असल्याने तक्रार लेखी पाठवणेच सोयीचे.

सहा महिन्यांवरील बाळाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला तर ते तीव्र कुपोषण समजले जाते; अशा वेळी नाव कोणत्या राज्यात आहे याची वाट न पाहता थेट आरोग्य केंद्र गाठावे. आणि बाळंतीण सासरी परतताना जोयड्याच्या केंद्रातून नाव पुन्हा गोव्याकडे वर्ग करून घ्यावे. ते तेथेच राहिल्यास येथील सेविकेला नवी नोंद करता येणे कठीण जाते.