पाचशे नंबरची चूक आणि सर्व्हरच्या चाळीचा इतिहास



२०१९ चा गणेशोत्सव. संध्याकाळी लुडविग्सहाफेनला ट्रॅमने घरी येत होतो, तेवढ्यात मानहाइमहून एका काकूंचा फोन. "अरे, आपली साइट मेली की रे! आरतीची वेळ बघायला गेले तर नुसतं पाचशे म्हणतंय."

आमच्या छोट्याशा मंडळाची साइट २००३ साली एका काकांनी स्वतः पीएचपीत लिहिली होती. काका पुढे पुण्याला परतले आणि तिथेच वारले. साइटवर कार्यक्रमांच्या तारखांपेक्षा मोलाचं होतं ते लोकांचं लेखन. सत्तरच्या दशकात इथे आलेल्यांच्या आठवणी, कोणाच्या आईने सांगितलेल्या ओव्या. बॅकअप कुठे ठेवलाय, ते फक्त काकांना ठाऊक.

मी तर कशालाच हात लावला नव्हता. मग साइट पडली कशी? उत्तर शोधताना वेबचा सगळा जुना इतिहास पुन्हा वाचावा लागला. तोच थोडक्यात सांगतो. जाणकारांनी तोवर चहा घेऊन यावं :-)

सुरुवात १९९३ ची. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रात रॉब मॅककूलने वेब सर्व्हर लिहिला. त्याच सुमारास सीजीआय आलं, म्हणजे सर्व्हरने दुसरा प्रोग्रॅम चालवून त्याचं उत्तर ब्राउझरला पाठवायची सोय. मॅककूल १९९४ मध्ये तिथून गेला, काम थंडावलं. मग ठिकठिकाणच्या वेबमास्तरांनी आपापली ठिगळं एकत्र केली आणि १९९५ मध्ये अपाची उभा राहिला. त्याच वर्षी रासमुस लेरडॉर्फने पीएचपी जाहीर केली.

चुकांचे नंबर १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात नीट नोंदले गेले. चारशेच्या घरातली चूक मागणाऱ्याची, पाचशेच्या घरातली देणाऱ्याची. ५०० म्हणजे "आमच्याकडे काहीतरी बिघडलंय" एवढंच. काय बिघडलं ते पाहुण्याला सांगायचं नाही, कारण त्यात फाइलींचे पत्ते असतात, कधीकधी पासवर्डसुद्धा. खरं कारण जातं एरर लॉगमध्ये. पाहुण्यासमोर "सगळं ठीक आहे हो" म्हणायचं आणि स्वयंपाकघरात खरं काय ते बोलायचं, तसंच हे.

तोवर साधारण प्रत्येक साइटला वेगळा आयपी पत्ता लागायचा. जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने ब्राउझरला "मला अमुक साइट हवी" हे सांगणं बंधनकारक केलं. त्यामुळे एकाच पत्त्यावर शेकडो साइटी नांदू लागल्या. शेअर्ड होस्टिंग स्वस्त झालं ते यामुळे. मी त्याला सर्व्हरची चाळ म्हणतो. नळ एक, जिना एक, बिऱ्हाडं शंभर.

आणि चाळ म्हटली की भांडणं आलीच. सगळ्यांचे प्रोग्रॅम एकाच युजरच्या नावाने चालायचे, त्यामुळे शेजाऱ्याची स्क्रिप्ट आपल्या फाइली वाचू शकायची. त्यावर १९९७ मध्ये अपाची १.२ सोबत एसयूएक्झेक आलं. ज्याची स्क्रिप्ट, ती त्याच्याच नावाने चालणार. पण त्याची एक अट होती. फाइल किंवा फोल्डर इतरांना लिहायला मोकळं असेल तर स्क्रिप्ट चालवायचीच नाही. इकडे नवशिक्यांना सल्ला मिळायचा, "चालत नाही? ७७७ परमिशन दे." दिली की पाचशे! विंडोजवर लिहिलेली पर्ल स्क्रिप्ट एफटीपीने तशीच चढवली, तर ओळीच्या शेवटी राहिलेल्या एका अदृश्य खुणेमुळेही पाचशे. पीएचपीचा सेफ मोड हाही शेजारधर्म सांभाळायचाच प्रयत्न होता. ते काम पीएचपीचं नव्हेच, हे पटून तो २०१२ मध्ये काढून टाकला.

आता आमची साइट. लॉग उघडला तर एकच ओळ पुन्हा पुन्हा: मायएसक्यूएल कनेक्टचं जुनं फंक्शन सापडत नाही. ती जुनी फंक्शनं पीएचपी ७ मधून डिसेंबर २०१५ मध्येच गेली होती. २०१८ संपताना पीएचपी ५.६ चा सुरक्षा आधारही संपला आणि होस्टिंगवाल्यांनी अख्ख्या चाळीची आवृत्ती बदलली. त्यांची नोटीस गेली होती काकांच्या जुन्या ईमेलवर. आपण काही बदललं नाही म्हणजे काहीच बदललं नाही, असं चाळीत नसतं.

फंक्शनं बदलली, नवं कनेक्शन युनिकोडचं केलं, साइट उठली. पण मराठीच्या जागी तिरकी रेघ दिलेल्या रोमन ए-ची रांग! मायएसक्यूएलला युनिकोड आलं २००४ च्या ४.१ आवृत्तीत. त्याआधीचे आमचे तक्ते लॅटिन-१ चे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, आणि डेटाबेस त्याला तीन रोमन अक्षरं समजत होता. इतकी वर्षं वाचणारा आणि लिहिणारा दोघंही तीच चूक करत होते, म्हणून सगळं बरोबर दिसायचं! लॅटिन-१ म्हणूनच डेटा बाहेर काढला, तक्त्यांची व्याख्या बदलली आणि युनिकोड म्हणून परत भरला. रात्री दोन वाजता मराठी दिसलं.

तीन पानं मात्र नुसती प्रश्नचिन्हं होती. कधीतरी कोणीतरी शुद्धलेखन सुधारायला युनिकोड कनेक्शनवाल्या साधनातून थेट डेटाबेसमध्ये मजकूर चिकटवला होता. लॅटिन-१ च्या तक्त्यात देवनागरी मावली नाही, प्रत्येक चिन्हाचं प्रश्नचिन्ह झालं. चुकीच्या अक्षरांतून मूळ मजकूर परत मिळतो, प्रश्नचिन्हातून नाही.

दोन लेख लिहिणाऱ्यांनी पुन्हा धाडले. तिसरं पान ओव्यांचं होतं. सांगणारी माउली २०१० मध्येच गेली आणि उतरवून घेणाऱ्या लेकीने वही जपली नव्हती. "साइटवर आहे ना" म्हणून.

तेव्हा मंडळी, आपापल्या मंडळाच्या साइटचा लॉग कुठे आहे, नोटिसा कोणाच्या ईमेलवर जातात आणि बॅकअप उघडून मराठी वाचता येतं का, हे या शनिवारी एकदा बघाच. बॅकअप आहे एवढ्यावर समाधान मानू नका, उघडून वाचा.

चू. भू. द्या. घ्या.

लुडविग्सहाफेनहून, एक चाळकरी