डुंकरची किरण-समस्या

डुंकरची किरण-समस्या : समस्या सोडवताना माणूस साम्य आणि चित्र यांचा आधार कसा घेतो, हे तपासण्यासाठी मानसशास्त्रात वापरले जाणारे एक कोडे. रुग्णाच्या पोटात गाठ आहे आणि शस्त्रक्रिया शक्य नाही. किरणांचा तीव्र झोत गाठ नष्ट करील, पण वाटेतले निरोगी ऊतकही जाळील. सौम्य झोताने ऊतक वाचेल आणि गाठही. उत्तर असे की, अनेक सौम्य झोत निरनिराळ्या दिशांनी सोडून गाठीवर एकत्र आणायचे. गेस्टाल्ट परंपरेतील जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर (१९०३–४०) यांच्या १९३५ मधील ग्रंथामुळे हे कोडे गाजले. ते केवळ कागदावरचे नाही. मेंदूतील गाठींवरील उपचारांसाठीचे ‘गॅमा नाइफ’ हे यंत्र सुमारे २०० बारीक झोत असेच एका बिंदूवर आणते.

मेरी गिक आणि कीथ होलियोक यांनी १९८० मध्ये कोड्याला एका कथेची जोड दिली. किल्ल्याकडे जाणाऱ्या सगळ्या वाटांत सुरुंग पेरलेले आहेत. मोठी फौज गेली तर ते फुटतील, मूठभर माणसे सुखरूप जातील. सेनापती फौजेच्या तुकड्या पाडतो आणि त्या सर्व वाटांनी एकाच वेळी किल्ल्यावर पोहोचतात. कथेविना कोडे सुटते शेकडा १० जणांना. ‘त्या कथेचा उपयोग करून पाहा’ एवढे सांगितले की सुमारे ७५ जणांना. खरी मेख या दोहोंच्या मधे आहे : कथा नुकतीच वाचलेली, पण सूचना नाही, अशा वेळी आकडा ३०च्या आसपासच घुटमळतो. उदाहरण सांगून पुढच्या धड्याकडे वळणाऱ्या शिक्षकाने हा आकडा जरूर पाहावा. फौज आणि किरण वरवर इतके वेगळे दिसतात की, आतली सारखी रचना आपणहून लक्षात येत नाही.

१९८३ मध्ये त्याच दोघांनी आकृतीही वापरून पाहिली. एकाच कथेसोबत दिलेल्या आकृतीचा फारसा लाभ झाला नाही. मात्र दोन कथा (दुसरी, तेलविहिरीची आग चहूबाजूंनी लहान नळ्यांतून फेस सोडून विझवल्याची) शेजारी ठेवून त्यांतले साम्य शोधायला लावले, तेव्हा अधिक जणांना सूचनेविना उत्तर सुचले आणि तिथे आकृतीनेही हातभार लावला.

चित्राचा स्वतंत्र परिणाम एलिझाबेथ ग्रँट आणि मायकेल स्पिव्ही यांच्या २००३ मधील प्रयोगात दिसला. पडद्यावर मध्ये गाठ आणि भोवती त्वचेची कडा, एवढीच साधी आकृती होती. स्थिर आकृती पाहणाऱ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांनी कोडे सोडवले. गाठ किंचित लहानमोठी होताना दाखवली तरी फरक पडला नाही. त्वचेची कडा तशी हलवली, तेव्हा दोन-तृतीयांश लोकांना उत्तर सापडले. किरण अनेक ठिकाणांहून आत शिरू शकतात, ते या कडेवरूनच.