पोलिओची लस आणि तिच्यावरची देखरेख

पोलिओचा विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो आणि दूषित पाण्यातून किंवा हातांवरून दुसऱ्याच्या पोटात जातो. तिथे तो आतड्यात वाढतो. बहुतेक मुलांना संसर्गाचा पत्ताही लागत नाही. पण साधारण 200 जणांमागे एकाच्या मज्जारज्जूतल्या चेतापेशींवर तो घाला घालतो आणि हात किंवा पाय कायमचा लुळा पडतो. यावर औषध नाही. विषाणूचे प्रकार तीन, आणि प्रत्येकाविरुद्ध वेगळी प्रतिकारशक्ती लागते.

महाराष्ट्रात या रोगाशी संघटित झुंज सुरू झाली ती मुंबईत. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी 1947 मध्ये अपंग मुलांसाठी उपचारकेंद्र काढले. हाजीअलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय त्याच कार्यातून उभे राहिले. 1949 मध्ये शहरात पोलिओ संशोधन पथक स्थापन झाले. परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारातले एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र हे त्याचेच पुढचे रूप होते.

संशोधक साल्क यांची मृत विषाणूंची, टोचून द्यायची लस 1955 मध्ये आली. त्याच वर्षी अमेरिकेत कटर कंपनीच्या काही लसीत जिवंत विषाणू राहून गेला. सुमारे 200 जणांना पक्षाघात झाला आणि 10 दगावले. तेव्हापासून लसीच्या उत्पादनावरचे सरकारी नियंत्रण कडक झाले. पुढे संशोधक सेबिन यांची दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूंची लस आली. ती तोंडाने देता येते, स्वस्त पडते आणि आतड्यातच विषाणूला अडवते. भारताने राष्ट्रीय कार्यक्रमासाठी हीच निवडली.

9 डिसेंबर 1995 रोजी देशभर पल्स पोलिओची, म्हणजे एकाच दिवशी सगळ्या लहान मुलांना डोस पाजण्याच्या मोहिमेची, पहिली फेरी झाली. सोलापूरच्या भवानी पेठेसारख्या भागात, जिथे यंत्रमागाच्या पाळ्या चालतात आणि बायका घरी विड्या वळतात, मोहिमेची खरी कसोटी दारोदारच्या फेरीत लागते. रविवारी बूथवर न आलेली मुले पुढच्या दिवसांत घरी जाऊन शोधली जातात. डोस पाजला की डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण करतात आणि घरावर खडूने नोंद करतात. लस बर्फाच्या डब्यातून नेतात. कुपीच्या लेबलावर एक वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन असतो. उष्णता लागेल तसा चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाच्या रंगाला पोचला की कुपी बाद.

लसीकरणाइतकीच पाळतही महत्त्वाची होती. 15 वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की 24 तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवले जात. 2001 पासून मुंबईच्या सांडपाण्याचीही तपासणी सुरू झाली. त्या पाण्यात मूळ (लसीतला नव्हे) विषाणू शेवटचा सापडला तो नोव्हेंबर 2010 मध्ये. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

तोंडावाटेच्या लसीचाही एक धोका आहे. लाखो डोसांमागे एखाद्याच बालकाला तिच्यातल्या विषाणूमुळे पक्षाघात होतो. शिवाय लसीकरण अपुरे असेल तिथे हा विषाणू माणसामाणसांत फिरत पुन्हा घातक बनू शकतो. दुसऱ्या प्रकाराचा मूळ विषाणू जगातून नाहीसा झाल्यावर तो प्रकार लसीत ठेवण्यात लाभापेक्षा जोखीम अधिक होती. म्हणून भारताने 30 नोव्हेंबर 2015 पासून टोचून द्यायच्या लसीची जोड दिली आणि 25 एप्रिल 2016 रोजी तोंडावाटेच्या लसीतून दुसरा प्रकार काढून टाकला.

तरीही चुका झाल्या. 2018 मध्ये गाझियाबादच्या एका कंपनीच्या लसीत हा वगळलेला प्रकार सापडला. ती लस महाराष्ट्रातही आली होती. उत्तर प्रदेशातल्या नियमित तपासणीत हे उघड झाले आणि लसीचा वापर थांबवला गेला. 31 जानेवारी 2021 रोजी यवतमाळ जिल्ह्यात 12 बालकांना डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. इथे दोष लसीचा नव्हता, हाताळणीचा होता. मुले रुग्णालयातून बरी होऊन घरी गेली आणि जबाबदार कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली.

पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात मूळ विषाणू अजून आहे. त्यामुळे जन्मानंतरचा डोस, 6, 10 आणि 14 आठवड्यांचे डोस, टोचून द्यायच्या लसीच्या मात्रा आणि सांडपाण्याची तपासणी यांतले काहीही आज सोडता येत नाही.