लुक्लाची धावपट्टी आणि पात्यांचा कोन

एव्हरेस्टच्या पायथ्याकडे निघालेल्या गिर्यारोहकाची पहिली परीक्षा पायी चालायला लागण्यापूर्वीच होते. नेपाळमधील लुक्ला येथे त्याचे छोटेखानी विमान उतरते ते अवघ्या ५२७ मीटर लांबीच्या धावपट्टीवर. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या घरात आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ उमगतो. अलीकडच्या टोकाला खोल दरी आणि पलीकडच्या टोकाला डोंगराची भिंत! महाराष्ट्रातूनही अनेक गिर्यारोहक या वाटेने जातात. विमान एवढ्याशा जागेत थांबते कसे, हा प्रश्न त्यांच्यापैकी बहुतेकांना पडतो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी प्रोपेलरच्या पात्यांच्या कोनात दडलेले आहे.

ही धावपट्टी १९६४ साली सर एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने तयार झाली. माती घट्ट बसावी म्हणून हिलरींनी शेर्पांना मद्य पाजून तिच्यावर पाय आपटत नाचायला लावले, अशी कथा सांगितली जाते. २००१ मध्ये तिचे डांबरीकरण झाले आणि २००८ मध्ये विमानतळाला तेनझिंग-हिलरी हे नाव मिळाले. धावपट्टीला सुमारे बारा टक्के चढ आहे. म्हणजे दोन्ही टोकांच्या उंचीत साधारण ६० मीटरचा, जवळजवळ वीस मजली इमारतीएवढा फरक. उतरताना ही चढण वैमानिकाच्या पथ्यावर पडते, कारण विमानाच्या वजनाच्या बारा टक्क्यांइतका ओढा त्याला मागे खेचत असतो. त्यामुळे उतरायचे ते चढाच्या दिशेने आणि उड्डाण करायचे ते उताराच्या दिशेने, असा येथील शिरस्ता आहे.

आता प्रोपेलरकडे वळू. प्रोपेलरची पाती हवेत स्क्रूसारखी घुसतात. पाते किती तिरके आहे, त्यावर एका फेऱ्यात ते किती हवा कापणार हे ठरते. या तिरकेपणाला वैमानिक 'पिच' म्हणतात. जुन्या लाकडी प्रोपेलरचा पिच कायमचा ठरलेला असे. जणू एकाच गिअरवर घाटही चढायचा आणि महामार्गावरही धावायचे! अमेरिकी अभियंते फ्रँक कॉल्डवेल यांनी पिच बदलता येणारा प्रोपेलर व्यवहारात रुळवला आणि त्याबद्दल १९३३ सालची कोलियर ट्रॉफी त्यांच्या कंपनीला व त्यांना मिळाली. आज अशा बहुतेक प्रोपेलरमध्ये गव्हर्नर नावाची यंत्रणा तेलाच्या दाबाने पाती फिरवून फेऱ्यांचा वेग कायम राखते.

धावपट्टीच्या दिशेने खाली येताना वैमानिक प्रोपेलरची दांडी पूर्ण पुढे सरकवतो, म्हणजेच लहान कोनाची, 'फाइन पिच'ची मागणी करतो. यामागे दोन हेतू असतात. पहिला असा, की इंजिनाची शक्ती कमी केली की लहान कोनातली पाती तबकडीसारखी हवेला अडवतात आणि विमान वेग न वाढवता अधिक तीव्र उताराने खाली येऊ शकते. दुसरा असा, की ऐनवेळी उतरणे रद्द करून पुन्हा वर झेप घ्यावी लागली, तर पूर्ण शक्ती तत्काळ मिळते. लुक्लाला मात्र अखेरच्या टप्प्यात समोर डोंगरच असल्याने झेप घ्यायला जागा उरत नाही. रद्द करायचे तर तो निर्णय दरीवर असतानाच घ्यावा लागतो.

लुक्लाला दीर्घकाळ ज्याने सेवा दिली त्या ट्विन ऑटर विमानात याच्या पुढची सोय आहे. त्याची शक्तीची दांडी चक्क वैमानिकाच्या डोक्यावर, छताला असते. चाके टेकल्यावर तिची मूठ पिळून ती मागे ओढली की पाती शून्य कोन ओलांडून उलट्या कोनात जातात आणि विमानाला पुढे ओढणारा प्रोपेलर त्याला मागे रेटू लागतो. चाकांचे ब्रेक सुरुवातीच्या क्षणी दुबळे असतात. पंखांनी विमानाचा काही भार अद्याप उचलून धरलेला असतो, त्यामुळे चाकांवर पुरेसे वजन नसते. उलटा रेटा नेमका तेव्हाच, वेग जास्त असताना, सर्वाधिक परिणामकारक ठरतो. मात्र ट्विन ऑटरमध्ये हवेत असताना हीच मूठ पिळणे निषिद्ध आहे. प्रोपेलरमागून पंखांवर येणारा प्रवाह अडला, तर विमान दगडासारखे खाली येईल.

उंचीचा हिशेब वेगळाच. लुक्ला समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटरवर आहे. तेथील विरळ हवेत वेगदर्शकावर नेहमीचाच आकडा दिसतो, पण विमान प्रत्यक्षात पंधरा टक्के अधिक वेगाने जात असते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ब्रेक, चढण आणि उलटा रेटा यांना मिळून समुद्रकाठच्या तुलनेत एक तृतीयांश अधिक ऊर्जा जिरवावी लागते. त्यातच विरळ हवेत प्रोपेलरचा उलटा रेटाही घटतो.

डोळेही फसवतात. चढती धावपट्टी समोर असली की आपण फार उंचावर आहोत असे वाटते आणि वैमानिक नकळत खाली येतो. येथे खाली येणे म्हणजे धावपट्टीच्या कड्याखालील डोंगरावर आदळणे. ८ ऑक्टोबर २००८ रोजी ढगांनी धावपट्टी झाकोळलेली असताना एक ट्विन ऑटर तिच्या अलीकडेच कोसळले. विमानातील १९ पैकी १८ जण मृत्युमुखी पडले. फक्त मुख्य वैमानिक वाचला. धावपट्टीपर्यंत न पोहोचलेल्या विमानाला पात्यांचा उलटा कोन काय कामाचा?

म्हणूनच लुक्लाची उड्डाणे प्रामुख्याने सकाळी होतात. दुपारनंतर दरीत वारे उसळतात, ढग चढतात. गिर्यारोहणाच्या हंगामात काठमांडूऐवजी रामेछापहून विमाने सोडली जातात. तेथे भल्या पहाटे पोहोचलेल्या प्रवाशांना कधीकधी दिवसदिवस ताटकळावे लागते.