शेतसाऱ्यावरचा आणा आणि शाळेचा दरवाजा

मुंबई इलाख्यात 1863 नंतर शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी वसूल होऊ लागली. हा लोकल फंड. त्याचा एक तृतीयांश शाळांसाठी होता, बाकीचा मुख्यतः रस्त्यांसाठी. पट्टी भरणाऱ्याची जात कुणी विचारत नसे. शाळेच्या दारात मात्र ती विचारली जाई. या विषमतेचा सगळा दोष रूढींवर टाकण्याची आपल्याला सवय आहे. रूढी क्रूर होत्याच, पण त्यांना सरकारी धोरणाचे बळ मिळाले ते सरकारच्याच निर्णयांतून, आणि ते निर्णय वेगळे होऊ शकले असते.

जून 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला, तेव्हा त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सामान्य जनतेपर्यंत शिक्षण नेण्याचे वचन देणारा वुडचा खलिता येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. तात्त्विक न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, हे सरकारने लेखी मान्य केले. तरीही एकट्यासाठी इतर मुले शाळा सोडून जातील असा धोका पत्करणे योग्य नाही, असे म्हणून अर्ज फेटाळला. इतरांच्या बहिष्काराची नुसती शक्यता एका मुलाच्या हक्काहून वजनदार ठरली. ज्या ‘बहुसंख्यां’चे हित सांगितले गेले, त्यांतल्या कुणब्याची, माळ्याची मुले तरी शाळेत किती होती? सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या आहेत, असे कंपनीच्या लंडनमधल्या संचालक मंडळाने पुढे कळवले खरे. पण दाराशी उभ्या मुलाला आत घेण्याची सक्ती गावोगाव कुणी केली नाही.

1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी नेमका पैशाचा प्रश्न धरला. रयतेच्या घामातून जमणारा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. किमान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करा आणि लोकल फंडाचा निम्मा वाटा प्राथमिक शाळांना द्या, असे त्यांनी मागितले. महार-मांगांच्या पाच हजारांवर वस्तीसाठी पुण्यात एकच शाळा आहे आणि तिथे तीस मुलेही येत नाहीत, हेही त्यांनी नोंदवले. वेगळी शाळा काढली की आपले कर्तव्य झाले असे सरकार मानत होते. ती किती अपुरी होती, ते या एका आकड्यातून कळते.

तिजोरीत पैसा नव्हता आणि समाज तयार नव्हता, असा बचाव आजही केला जातो. मग बडोद्यात सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग कसा केला, आणि 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानात कसा नेला? शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1917 मध्ये तोच कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. राजाचा शब्द संस्थानात चालतो, परक्या सरकारचे तसे नसते, या आक्षेपात तथ्य आहे. पण सारा वसूल करताना याच सरकारने लोकांच्या नाराजीची एवढी पर्वा केली नव्हती. शिवाय कोल्हापुरातही विरोध होताच. तरी 1919 मध्ये शाहूंनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. धारवाडच्या अर्जाला तेव्हा 63 वर्षे झाली होती.