मलेव्हेंटुमचं बेनेव्हेंटुम

आपल्याकडे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. रोमनांनी हाच प्रकार एका अख्ख्या गावाच्या बाबतीत केला. नेपल्सच्या ईशान्येला, कालोरे आणि साबातो या नद्यांच्या संगमापाशी साम्नाइट लोकांचं एक ठाणं होतं. त्याचं नाव रोमनांच्या कानी पडलं ते ‘मलेव्हेंटुम’ असं. लॅटिनमध्ये ‘मले’ म्हणजे वाईट, ‘व्हेंटुम’ म्हणजे आलेलं. थोडक्यात, दुरागत! इ.स.पू. 275 मध्ये याच गावाजवळ रोमनांनी पिऱ्हस राजाला थोपवलं आणि 268 मध्ये तिथे वसाहत केली, ती ‘बेनेव्हेंटुम’ या नावाने. ‘बेने’ म्हणजे चांगलं. आपल्या ‘स्वागत’ शब्दाची घडण नेमकी हीच: सु + आगत. त्यातला ‘गम्’ आणि लॅटिनचा ‘व्हेनिरे’ हे धातूही मुळात एकच. आजचं बेनेव्हेंतो ते हेच.

गंमत अशी की मूळ नावात अभद्र काही नसावं. दक्षिण इटलीतल्या ग्रीक नावांची द्वितीया विभक्ती लॅटिनमध्ये रुजलेली दिसते: तारास, तारांता, म्हणून तारेंटुम, आक्रागास, आक्रागांता, म्हणून सिसिलीतलं आग्रिगेंटुम. त्याच चालीने ‘मालोएइस’, ‘मालोएंता’ आणि मग मलेव्हेंटुम, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. डोरिक ग्रीकमध्ये ‘मालोन’ म्हणजे सफरचंद. म्हणजे गाव सफरचंदांचं! लॅटिनने हा शब्दही उचलला. तिथे ‘मालुम’ सफरचंद आणि ‘मलुम’ अनिष्ट. मधे अंतर एका दीर्घ स्वराचं. गाव साम्नाइटांचं असताना नाव ग्रीक कसं, ही शंका रास्तच आहे. पण किनाऱ्यावरच्या ग्रीक शहरांशी त्यांचा संबंध जुना होता.

रोमनांचा हा सोवळेपणा एवढ्यावर थांबला नाही. एड्रियाटिकपलीकडच्या ‘एपिडाम्नुस’मध्ये त्यांना ‘डाम्नुम’, म्हणजे नुकसान, ऐकू आलं; त्याचं त्यांनी ‘डिऱ्हाखियुम’ केलं. दोन्ही बदल थोरल्या प्लिनीने नोंदवले आहेत.

बेनेव्हेंटुमच्या नावाबद्दल सहाव्या शतकातल्या प्रोकोपियुस या इतिहासकाराने तर्क लढवला तो ‘व्हेंटुस’, म्हणजे वाऱ्यावरून: समोरच्या दाल्मेशियाकडून सुटणाऱ्या सोसाट्याच्या वाऱ्याचं हे गाव. गाव समुद्रापासून बरंच आत आहे, हे बहुधा त्याला अडचणीचं वाटलं नाही. हे शहर ट्रॉयच्या युद्धातला वीर दिओमिदिस याने वसवलं, असंही तो सांगतो. वर पुरावा म्हणून दिओमिदिसने मागे ठेवलेल्या आणि तिथे जपलेल्या, ग्रीक पुराणकथेतल्या कॅलिडोनच्या रानडुकराच्या सुळ्यांकडे बोट दाखवतो.