‘दैन्य’ कीं ‘नम्रता’?

फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ त रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ त तें पुन्हां मुद्रित झालें. त्या मुद्रणांची एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. ग्रंथ तरला तो नकलांवर. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी पोथी व सालढाणा यांनीं १९०७ त मंगळूरास रोमन लिपींत काढलेली आवृत्ति यांतील पारिभाषिक शब्दांचा भेद अभ्यासकांस विदितच आहे. असे भेद पर्यायशब्द म्हणून सोडून देण्याचा प्रघात आम्हांस धोक्याचा वाटतो. ख्रिस्ती वाङ्मयांतील एकाच शब्दावरून हें दाखवितों.

लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांत मरिया म्हणते कीं, देवानें आपल्या दासीच्या ‘तपैनोसिस्’कडे पाहिलें. या ग्रीक शब्दास लॅटिनांत ‘हुमिलितास’ म्हटलें आहे. त्याचें ‘नम्रता’ असें मराठी केल्यास अर्थ निघतो तो असा, कीं मरिया नम्र होती म्हणून निवडली गेली. निवड हें गुणाचें वेतन ठरतें. परंतु पौलाच्या पत्रांत नम्रतारूप गुणास ‘तपैनोफ्रोसिनी’ असा निराळा शब्द आहे. लॅटिनानें दोहोंस एकच शब्द योजला, आणि भेद लोपला. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांत निपुत्रिक हन्ना देवास आळविते, तेथेंहि ग्रीक भाषांतरांत ‘तपैनोसिस्’च आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ दुःखित, हीन अवस्था. जेरोमनेंहि तेथें ‘क्लेश’ याच अर्थाचा शब्द घातला. ‘नम्’ म्हणजे वांकणें, ही कर्त्याची क्रिया; दैन्य ही केवळ स्थिति. मरियेच्या तोंडीं दैन्यच शोभतें.

यावर आक्षेप येईल कीं, १२ व्या शतकांतील संत बर्नार्ड यांनीं मरियेच्या मातृत्वाचें श्रेय तिच्या नम्रतेसच दिलें आहे. तें खरें, पण ती नम्रता कोठून आली? मरिया गर्भसंभवाच्या प्रथम क्षणापासूनच ईश्वरी कृपेनें आदिपापापासून अलिप्त राहिली, असें नववे पायस यांनीं १८५४ त घोषित केलें. जीस अद्यापि वांकतांहि येत नव्हतें, तिजवर कृपा झाली होती. म्हणजे दृष्टि आधीं, नमन मागाहून. नम्रता ही निवडीची किंमत नव्हे, निवडीस दिलेलें उत्तर होय.

सबब संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, ख्रिस्ती पोथींत एके ठिकाणीं ‘दीनपण’ व दुसरे ठिकाणीं ‘नम्रता’ आढळल्यास एकाच्या जागीं दुसरें घालूं नये; दोन्ही पाठ जसेच्या तसे नोंदवावे. लेखकाच्या लेखणीचा म्हणून वाटणारा तो फरक कदाचित् त्याच्या श्रद्धेचा असेल.